डावा हात

पार्कसाइटच्या टेकडीवर पाणी येतं पहाटे पावणेपाचला,
चाळीस मिनिटं.
तेवढ्यात सगळं ठरतं.
भिशी कुणाला लागली, कुणाची सून कामावर जाते,
आणि त्या वर्षी, सुई टोचून घ्यायची की नाही.

ठरलं होतं, नाही.
ठराव वगैरे कुणी केला नव्हता.
हौसाक्का हंडा विसळत एवढंच म्हणाली,
"आपल्यातलं अजून कोण गेलं नाही. बघू."
त्या "बघू"त आम्ही सगळ्या
पदराला सुटे पैसे बांधावेत तशा बांधल्या गेलो.

त्यात सिंधूचा नवरा.
मंगळवारी टोचून आला, शुक्रवारी गेला.
डॉक्टर म्हणाले, हृदय. जुनं दुखणं.
गल्ली म्हणाली, मंगळवार.
मीही मान हलवली.
मान हलवायला काही पडत नाही,
न हलवली तर पडतं.
उशीर झाला तर माझा हंडा रांगेत पुढे कोण सरकवणार?
रात्री पोराला फणफणून ताप आला तर
रिक्षासाठी खाली कोण धावणार?

तरी मी मुलुंडला गेले.
मॅडमने सर्टिफिकेट मागितलं होतं, हे खरं.
पण तेवढंच खरं नव्हतं.
मला जगायचं होतं,
आणि नळावर हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती.
पहिल्या डोसाला मी मावशी आजारी पाडली,
दुसऱ्याला मारली.

तंबूत खुर्च्या लांब लांब मांडलेल्या.
जन्मात पहिल्यांदा मी कुणाला न चिकटता बसले
तर चक्क हुडहुडी भरली.
नर्सने विचारलं, सोबत कोण आहे?
म्हटलं, आहेत की. खूप जणी आहेत.
घरी.

दुसऱ्या पहाटे दंडात कुणी चूल पेटवल्यासारखं.
हंडा उजव्या कमरेवर घेतला, कधी घेत नाही,
आणि कुणी पाहिलं का म्हणून मान वर केली
तर नजमा कळशी उजव्या हाताने ओढत होती.
नजमा डावखुरी आहे.
चार दिवसांनी कुसुमच्या बाहीखाली हळदीचा लेप.
म्हणे, दारावर आपटले.
त्या आठवड्यात हौसाक्काची बादली नातू उचलायचा.
म्हणे, मोरीत पडले.

कुणी भांडुपला जाऊन आलेली, कुणी राजावाडीला,
आणि टेकडीखालचं आमचं केंद्र
माश्या मारत बसलेलं.

नजमा आधी हसली.
मग कळश्या वाहून गेल्या तरी कुणाला भान नाही,
एवढ्या हसलो.
पंधरा दिवसांत सगळी गल्ली नटूनथटून खाली उतरली,
आणि हौसाक्का सांगत सुटली,
"मी तर पहिल्यापासून म्हणत होते."

सगळी म्हणजे सिंधू सोडून.

मग तिचा हंडा रांगेत शेवटी गेला.
हेही कुणी ठरवलं नाही.
तिच्या भिशीचे पैसे उंबऱ्यावर ठेवून यायचे,
"तिने घेतलेली नाही गं, आपल्याला पोरंबाळं आहेत."
मीही मान हलवली.
सवय असते मानेला.

परवा नळावर आम्ही दोघीच उरलो.
ती हंड्याकडे बघत म्हणाली,
"मुलुंडला मीही आले होते. गेटपर्यंत.
तू रांगेत होतीस, डोक्यावरून पदर घेऊन.
वाटलं, वळली तर जाते आत."

माझी मावशी मेली नाही, हे तिला
तेव्हापासून ठाऊक होतं.
ती कुणाला बोलली नव्हती.

काय म्हणावं ते सुचेपर्यंत
नळ घरघरला आणि हवा सोडू लागला.
तिचा हंडा अर्धा होता.
माझा काठोकाठ.
दोघींनी ते पाहिलं.